हवामान-अनुकूल शेतीला पैसा: किती, यापेक्षा कोणता आणि कधी?

जागतिक हवामान परिषद भरली की वर्तमानपत्रांत प्रचंड आकडे झळकू लागतात. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो टप्पा प्रत्यक्षात गाठला गेला २०२२ मध्ये. २०२४ च्या बाकू परिषदेत नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, यातलं शेतात काय पोचतं? २०१७-१८ या काळात मोजता आलेल्या जगभरच्या हवामान निधीतून छोट्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आला जेमतेम १.७ टक्के.

पैसा देणाऱ्यांचा हात आखडता आहे हे खरंच. पण मंजूर झालेला पैसाही पुष्कळदा पडून राहतो, किंवा खर्च होतो आणि दोन हंगामांनी त्याचा मागमूस उरत नाही. बहुतेक वेळा कारण असं असतं की कामाला एका प्रकारचा पैसा लागत होता आणि मिळाला दुसऱ्याच प्रकारचा. झाडं लावायला एका वर्षात फेडायचं कर्ज, सगळ्या शिवाराच्या नाल्यासाठी एकेकट्याला अनुदान, दर तिसऱ्या वर्षी हमखास येणाऱ्या पावसाच्या खंडाला विमा. म्हणून एखाद्या सरकारला या विषयावर सल्ला द्यायचा झाला तर ‘किती’ हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे: कोणत्या कामाला कोणता पैसा, आणि हंगामाच्या कोणत्या आठवड्यात?

हवामान-अनुकूल शेती म्हणजे नेमकं काय?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१० मध्ये ही कल्पना मांडली. तिचे तीन हेतू आहेत. शेतीचं उत्पादन आणि कमाई टिकावी, शक्य तर वाढावी. दुष्काळ, पूर, उष्णतेच्या लाटा सोसण्याची ताकद यावी. आणि शक्य असेल तिथे शेतीतून बाहेर पडणारे तापमानवाढीचे वायू कमी व्हावेत. तिसऱ्या हेतूतलं ‘शक्य असेल तिथे’ महत्त्वाचं आहे. कोरडवाहू तुकड्यावर पोट भरणाऱ्या माणसाचा तापमानवाढीला लागलेला हातभार नगण्य असतो. त्याला मदत देताना ‘आधी उत्सर्जन कमी करून दाखव’ अशी अट घालणं अन्यायाचं आहे.

‘जुन्याच योजनांना नवी पाटी लावली,’ हा आक्षेप नेहमी येतो आणि तो बऱ्याचदा खरा असतो, कारण व्याख्या सैल आहे. त्यावर साधी कसोटी आहे. प्रत्येक कामासमोर एका वाक्यात लिहायला लावायचं: कोणता धोका, कोणत्या पिकाचा, या कामामुळे कसा कमी होतो. ‘ट्रॅक्टर वाटप’ या ओळीसमोर असं वाक्य लिहिता येत नाही. ‘पेरणीनंतर पाऊस तीन आठवडे ओढला तरी जमिनीत ओल राहावी म्हणून आच्छादन’ या ओळीसमोर येतं. ज्या कामाला वाक्य सुचत नाही ते वाईट असेलच असं नाही, पण त्याचा पैसा या खात्यातून जाऊ नये.

आधी घरातली वही उघडा

बाहेरून पैसा मागण्यापूर्वी स्वतःच्या अर्थसंकल्पात काय चाललंय ते पाहावं लागतं. नेपाळने २०१२ मध्ये अर्थसंकल्पातल्या नोंदींना ‘हवामानाशी संबंध किती’ याची खूण लावायला सुरुवात केली, पुढे अनेक देशांनी ते उचललं. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोट शिरते. शंभर कोटींच्या रस्त्यात पाच कोटींच्या मोऱ्या पुरासाठी रुंद केल्या, तर खूण पाच कोटींना लागायला हवी. ती शंभर कोटींना लावली जाते आणि खर्च कागदावर फुगतो. म्हणून खूण लावताना एकच हिशेब धरावा: हवामान बदललं नसतं तर हे काम किती पैशांत झालं असतं, आणि आता किती जास्त लागतात. तो जादा भाग तेवढा हवामानाचा.

याच वहीत दुसरी नोंद सापडते, आणि ती पहिल्याहून कितीतरी मोठी असते. संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगभरची सरकारं शेती उत्पादकांना वर्षाला सुमारे ५४० अब्ज डॉलरचा आधार देतात, आणि त्यातला ८७ टक्के भाग भाव बिघडवणारा किंवा पर्यावरणाला आणि समाजाला घातक अशा स्वरूपाचा आहे. बाकूत ठरलेल्या ३०० अब्जांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. पैसा आहे, तो चुकीच्या दिशेला वाहतोय. तो वळवायचा कसा, याकडे पुढे येऊ. ते काम घाईने करणाऱ्यांचे हात पोळले आहेत.

एका कामाला कर्ज, दुसऱ्याला अनुदान: ठरवायचं कसं?

तीन प्रश्न विचारायचे. फायदा कोणाला होतो? तो केव्हा होतो? आणि काम फसलं तर नुकसान कोणाच्या अंगावर येतं?

ठिबक सिंचनाचा फायदा बसवणाऱ्यालाच होतो आणि एक-दोन हंगामांत दिसतो. इथे कर्ज चालतं. गरिबाला पहिली उडी मारता यावी म्हणून थोडं अनुदान जोडायचं. उतारावर पाणी अडवणारे बांध-बंधारे, नाल्याचं खोलीकरण, पूर वाहून नेणारे चर यांचा फायदा सगळ्या शिवाराला होतो, एकाने पैसे घातले तरी शेजाऱ्याला फुकट मिळतो. अशा कामाला कोणीही एकटा कर्ज काढणार नाही आणि काढावं अशी अपेक्षाही चूक. ते सरकारी खर्चानेच व्हायचं. हवामान केंद्रं, माती तपासणी, नव्या वाणांचं संशोधन, गावोगाव जाणारा सल्लागार हेही त्याच रांगेत बसतं. बांधावरच्या झाडांचा फायदा शेतकऱ्यालाच होतो, पण पाच-सात वर्षांनी. तिथे कर्ज दिलंच तर पहिली काही वर्षं हप्ता नसलेलं द्यावं, नाहीतर झाड जगेपर्यंत दर वर्षी ठरावीक रक्कम द्यावी. ही दुसरी वाट जास्त चालते. रोपाच्या दिवशी सगळे पैसे देऊन टाकले तर रोप लागतं, झाड होत नाही.

उत्सर्जन कमी करण्याचा फायदा साऱ्या जगाला होतो, शेतकऱ्याला क्वचितच. मग त्याची किंमत शेतकऱ्याने का मोजावी? ज्यांना फायदा होतो त्यांनी मोजावी. हा चौथा प्रकार: झालेल्या कामाचा मोबदला. तो कसा चालतो आणि कुठे अडतो हे भाताच्या शेतात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

भाताच्या खाचरातला पाइप

पाण्याखाली सतत बुडालेल्या भातखाचरात जमिनीला हवा मिळत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. उपाय साधा आहे: खाचर अधूनमधून सुकू द्यायचं. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्यासाठी ३० सेंटिमीटर लांबीच्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेल्या पाइपची पद्धत रूढ केली. पाइप निम्मा जमिनीत रोवायचा आणि आतली माती काढून टाकायची. आतलं पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर गेलं की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरायचं. लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या आधी-नंतरचा एकेक आठवडा मात्र पाणी हटवायचं नाही. फुलोऱ्यात ताण बसला तर दाणा भरत नाही. नत्र खत पाणी भरण्याच्या अगदी आधी द्यायचं. नाहीतर ओल्या-सुक्याच्या फेऱ्यांत नायट्रस ऑक्साइड हा मिथेनहून कितीतरी तीव्र वायू वाढतो आणि कमावलेलं थोडं हातचं जातं.

खर्च म्हणाल तर एका पाइपचा. मग ही पद्धत सगळीकडे का पसरत नाही? कारण कालव्याच्या पाण्याची पट्टी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर आकारली जाते, वापरलेल्या पाण्यावर नाही. पाणी वाचवलं तरी शेतकऱ्याचा एक पैसाही वाचत नाही, उलट चार वेळा जास्त चकरा पडतात. शिवाय एकदा सुकवलेल्या खाचराला पुढचं पाणी वेळेवर मिळेल याची खात्री नसते, म्हणून मिळतंय तेव्हा भरून ठेवणं हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा. जो स्वतः पंपाने पाणी उपसतो आणि इंधनाचे पैसे मोजतो, तो मात्र ही पद्धत आपणहून उचलतो. म्हणजे इथे कर्जही नको आणि अनुदानही नको. कालव्याचं पाणी ठरल्या दिवशी सुटावं यासाठी दारं, मोजमाप आणि वेळापत्रक यांवर खर्च करायला हवा. पाइप वाटून छायाचित्र काढणं सोपं असतं, त्यामुळे पैसा नेमका तिकडे जातो. व्हिएतनामने मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात २०३० पर्यंत १० लाख हेक्टरवर कमी उत्सर्जनाचा भात घेण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. एवढ्या पसाऱ्यात खरी परीक्षा पाइपची नसते, पाणी सोडणाऱ्या यंत्रणेची असते.

‘कार्बन विकून शेतकरी श्रीमंत होईल ना?’

कार्बन विकणं म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाचं प्रमाणपत्र मिळवायचं आणि ते विकायचं. हिशेब मांडू. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनात सतत बुडालेल्या भाताचं जागतिक सरासरी उत्सर्जन हेक्टरी दिवसाला १.१९ किलो मिथेन धरलं आहे. ११० दिवसांचं पीक धरलं तर १३१ किलो. अनेकदा सुकवलं तर ते साधारण ५५ टक्क्यांवर येतं, म्हणजे ५९ किलो वाचतं. २८ ने गुणलं की एका हेक्टरमागे एका हंगामात सुमारे १.६५ टन कार्बन डायऑक्साइडची बचत. समजा टनाला १० डॉलर मिळाले, तर हेक्टरी साडेसोळा डॉलर. त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि मधल्या संस्थेचा वाटा वजा करायचा. अर्धा हेक्टरवाल्याच्या हातात येणारी रक्कम पाहिली की कळतं, या पैशावर जोडधंदाही उभा राहत नाही.

म्हणून कार्बनच्या पैशाला मुख्य जेवण समजू नये. तो वरून घ्यायचा वाटा आहे. तोही गटाने, शेकडो हेक्टर एकत्र करून घेतला तरच मोजणीचा खर्च परवडतो. आणि मोजणीत ढिलाई झाली तर सगळंच बुडतं. २०२४ मध्ये कार्बन प्रमाणपत्रं देणाऱ्या एका मोठ्या संस्थेने चीनमधले ३७ भात प्रकल्प तपासणीअंती रद्द ठरवले. जमिनीतल्या कार्बनचं तर आणखी अवघड: दहा वर्षं साठवलेला कार्बन दोन खोल नांगरटींत पुन्हा हवेत जाऊ शकतो. सरकारने शेतकऱ्यांच्या वतीने असे करार करताना दोन कलमं न चुकता घालावीत. नैसर्गिक आपत्तीने कार्बन उडाला तर भरपाई शेतकऱ्याच्या डोक्यावर बसणार नाही, आणि करार शेतकऱ्याच्या भाषेत असेल.

हप्ता पिकाच्या चालीने हवा

आता कर्ज. समजा एका शेतकऱ्याने १०० रुपयांचा ठिबक संच बसवला. ४० रुपये अनुदान, ६० रुपये १० टक्के व्याजाने कर्ज. संचामुळे वर्षाला ३० रुपये जादा मिळतात. हे कर्ज एका वर्षात फेडायचं असेल तर ६६ रुपये द्यावे लागतील आणि हातात असतील ३०. तो थकणारच. तेच कर्ज तीन वर्षांच्या समान हप्त्यांत दिलं तर वर्षाला सुमारे २४ रुपये भरायचे, सहा रुपये खिशात उरतात. माणूस तोच, संच तोच, व्याजही तेच. मुदतीने त्याला थकबाकीदार किंवा चांगला कर्जदार बनवलं.

फळझाडांना हे आणखी लागू. १०० रुपये घातले आणि पहिली चार वर्षं काहीच भरलं नाही, तर १० टक्क्यांनी ते १४६ होतात. पहिलं उत्पन्न एवढा भार पेलेल का, हे कर्ज देण्याआधी तपासायचं. पेलत नसेल तर व्याजाचा त्या काळापुरता भार सरकारने उचलायचा. हप्त्याची तारीख महिन्याला न ठेवता काढणीनंतर ठेवायची. आणि जाहीर झालेल्या दुष्काळात हप्ता आपोआप पुढच्या वर्षी जाईल हे कलम करारात पहिल्यापासून असायला हवं. नंतर निवडणुकीच्या तोंडावर सरसकट माफी देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि नियमाने फेडणाऱ्यावर अन्यायही होत नाही.

बँका शेतीला कर्ज द्यायला बिचकतात तेव्हा सरकार हमी देऊ शकतं. हमी म्हणजे जामीन: कर्ज बुडलं तर ठरलेला वाटा सरकार भरेल. तो वाटा ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावा. १०० टक्के हमी दिली की बँक कर्जदाराची चौकशीच करत नाही. पण हमीने भीती जाते, त्रास जात नाही. छोट्या कर्जाची कागदपत्रं करायला मोठ्या कर्जाइतकाच वेळ लागतो, त्यामुळे बँकेला ते परवडत नाही. तिथे गट, सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनीमार्फत अर्ज एकत्र करणं उपयोगी पडतं.

ब्राझीलने कर्जाचा आणखी एक चांगला उपयोग केला आहे. १९९६ पासून तिथे पीक, माती आणि तालुक्यासारख्या छोट्या क्षेत्रानुसार पेरणीचे धोक्याचे आणि सुरक्षित दहा-दहा दिवसांचे टप्पे ठरवले जातात. पीक बुडालं तर कर्जफेडीचा भार हलका करणारी सरकारी आधाराची पीक हमी हवी तर पेरणी सुरक्षित टप्प्यातच करावी लागते. वेगळं अनुदान न वाटता कर्जाच्या अटीतूनच जोखीम कमी झाली. मात्र यासाठी आधी अनेक वर्षांच्या पावसाच्या विश्वासार्ह नोंदी लागतात, आणि त्या सरकारी खर्चातूनच उभ्या राहतात.

उशिरा मिळालेलं अनुदान किती उरतं?

बऱ्याच योजनांत शेतकऱ्याने आधी खर्च करायचा, पावती द्यायची, तपासणी व्हायची आणि मग खात्यात रक्कम यायची अशी रीत असते. भ्रष्टाचार रोखण्याच्या दृष्टीने ती चांगली वाटते. आता १०० रुपयांचं काम घ्या, ८० टक्के अनुदान. रोख नसल्याने शेतकऱ्याने १०० रुपये महिना ३ टक्क्यांनी खाजगीत उचलले आणि अनुदान आठ महिन्यांनी आलं. व्याजाचेच २४ रुपये गेले. ८० टक्के अनुदान प्रत्यक्षात ५६ टक्क्यांवर आलं. ज्याच्याकडे रोख आहे त्याला पुरते ८० मिळाले, आणि ज्याला उधार कोणी देत नाही त्याने अर्जच केला नाही.

यावर दोन वाटा आहेत. एक, पूर्वसंमतीच्या पत्रावर बँकेने अल्पमुदतीचं कर्ज द्यायचं आणि अनुदान थेट त्या कर्जखात्यात वळतं करायचं. दुसरी, शेतकऱ्याने ‘माल मिळाला, चालू झाला’ अशी खूण दिल्यावर पैसे विक्रेत्याला द्यायचे. दुसऱ्या वाटेत विक्रेते अनुदानाएवढी किंमत वाढवतात आणि हलका माल खपवतात. म्हणून खुल्या बाजारातल्या दराची यादी दर हंगामाला छापावी आणि विक्रेत्याचे १० टक्के एक पूर्ण हंगाम चालल्यावरच सोडावेत. तक्रार निवारणाची मुदत पैसे देण्याच्या मुदतीइतकीच ठळक लिहिलेली असावी.

विमा सगळ्यावर उपाय का होत नाही?

गळक्या छपराचा विमा कोणी उतरवत नाही, कौलं बदलतो. विमा असतो क्वचित येणाऱ्या मोठ्या वादळासाठी. शेतीतही तसंच. १०० रुपयांचं नुकसान दर तीन वर्षांनी होत असेल तर निव्वळ हप्ताच ३३ रुपये येतो, वर कंपनीचा खर्च आणि नफा. तेच नुकसान वीस वर्षांतून एकदा होत असेल तर निव्वळ हप्ता ५ रुपये. म्हणून वारंवार येणाऱ्या छोट्या फटक्यांसाठी ओल टिकवणं, वाण बदलणं आणि घरची बचत. मधल्या फटक्यांसाठी सरकारचा राखीव निधी किंवा आधीच मंजूर करून ठेवलेलं आपत्कालीन कर्ज. दुर्मीळ, मोठ्या फटक्यासाठी विमा. या थरांची उलटापालट झाली की हप्त्याच्या अनुदानातच तिजोरी रिकामी होते.

दुसरी अडचण मोजमापाची. प्रत्येक शेत पाहणं अशक्य, म्हणून पाऊस, उपग्रहाने दिसणारी हिरवाई किंवा परिसराचं सरासरी उत्पादन असा एखादा आकडा ठरवतात आणि तो ओलांडला की सगळ्यांना पैसे देतात. याला निर्देशांक विमा म्हणतात. आकडा आणि शेतातली खरी स्थिती यांत अंतर पडलं की विश्वास उडतो. मलावीचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. २०१५-१६ च्या हंगामासाठी त्या सरकारने आफ्रिकी देशांच्या संयुक्त आपत्ती विम्यात हप्ता भरला होता. दुष्काळाने साठ लाखांहून जास्त लोकांना अन्नाची मदत लागली, पण संगणकी प्रारूप म्हणालं की भरपाईइतकं नुकसान झालेलं नाही. तपासणीत दिसलं की प्रारूपात जास्त दिवसांचा मका धरला होता आणि शेतकरी कमी दिवसांच्या वाणांकडे वळले होते. दुरुस्तीनंतर सुमारे ८० लाख डॉलर मिळाले, पण तोवर २०१७ उजाडलं होतं. हा सगळा अनर्थ एका चौकटीतल्या जुन्या माहितीने घडला. कोणतंही सरकार असा विमा घेत असेल तर वाण, पेरणीची तारीख आणि सिंचनाचं क्षेत्र दर हंगामाला ताजं करण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी हवी.

बाहेरचं स्वस्त कर्ज खरंच स्वस्त असतं?

२ टक्क्यांचं डॉलरमधलं कर्ज देशातल्या ८ टक्क्यांच्या कर्जापुढे फुकट वाटतं. पण डॉलर दर वर्षी ५ टक्क्यांनी महागला तर ते कर्ज ७ टक्क्यांचं होतं, आणि १० वर्षांनी मुद्दल परत करताना आजच्या १०० ऐवजी १६३ रुपये मोजावे लागतात. शेतकरी कमावतो देशी चलनात. चलनाचा हा भार त्याच्यावर ढकलू नये. तो सरकारच्या तिजोरीने किंवा देणाऱ्या संस्थेने पेलायचा. दीर्घ मुदतीचं, खरोखर सवलतीचं कर्ज जमिनीवरच्या मोठ्या कामांना ठीक. सल्लागार, प्रशिक्षण, मोजणी यांसाठी कर्ज काढू नये, त्यांना देणगीरूप पैसाच शोधावा.

देणगीरूप पैशाचा एक मोठा झरा म्हणजे २०१० च्या कानकून परिषदेत ठरलेला हरित हवामान निधी, ज्याचं मुख्यालय दक्षिण कोरियातल्या सोंगदोला आहे. तोही काही पैसा कर्जाने देतो, हे लक्षात ठेवावं. तिथून पैसा मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच येतो आणि देशाने नेमलेल्या प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. अर्जाचा कच्चा भाग बहुधा एकच असतो: गरिबीचं वर्णन भरपूर, हवामानाचा पुरावा थोडा. निदान ३० वर्षांच्या पाऊस-तापमानाच्या नोंदी, त्यात दिसणारा बदल, त्याचा त्या पिकावर झालेला परिणाम आणि प्रकल्प नसेल तर पुढे काय होईल, ही साखळी न तुटता मांडावी लागते. कृषी खात्याकडे पिकाचे आकडे असतात, हवामान खात्याकडे पावसाचे. दोघांना एका टेबलाशी बसवणं हेच निम्मं काम.

‘मग खताची सबसिडी बंद करून तोच पैसा वळवा’

दिशा बरोबर आहे, वेग जपायला हवा. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली. पर्याय तयार नव्हता, भात आणि चहा दोन्हीला फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. त्यापासून क्रम शिकावा. आधी माती तपासणी आणि सल्ला पोचवा. मग खताच्या गोणीवरचा पैसा हळूहळू हेक्टरी रोख मदतीत बदला, म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली रक्कम कमी होणार नाही, फक्त एकाच वस्तूकडे ओढणारी ओढ जाईल. कपात हंगामाच्या मधे नको, आणि किती वर्षांत किती, हे आधीच जाहीर करा. ज्याला पुढची तीन वर्षं दिसतात तो आपलं गणित स्वतः बदलतो.

‘हे सगळं मोठ्यांच्याच पदरात पडणार’

पडतं, अर्जात जमिनीचा उतारा ही पहिली अट असेल तर. खंडाने कसणारे आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही त्या शेतकरी स्त्रिया पहिल्याच पायरीवर गळतात. कसण्याचा स्वतंत्र दाखला, गटाच्या परस्पर हमीवर कर्ज, आणि यंत्र विकत देण्याऐवजी भाड्याने मिळण्याची सोय, या तीन गोष्टींनी मोठा फरक पडतो. लाभार्थ्यांच्या आकड्यांत क्षेत्रानुसार आणि स्त्री-पुरुष असे वेगळे रकाने पहिल्या वर्षापासून ठेवावेत.

सल्ला कागदावर उतरवताना

आर्थिक वर्ष आणि पेरणी यांचं वेळापत्रक जुळत नाही, यात फार पैसा वाया जातो. वर्षाखेरीस घाईने सोडलेली रक्कम पेरणी उलटल्यावर पोचते. म्हणून मंजुरी किमान दोन हंगामांची एकत्र घ्यावी आणि न खर्चलेली रक्कम पुढे नेण्याची मुभा अर्थखात्याकडून आधीच लेखी मिळवावी. सुरुवात दोन-तीन वेगळ्या हवामानाच्या जिल्ह्यांत करावी. सगळ्यात तयार जिल्हा निवडला की निकाल छान येतात आणि इतरत्र तीच योजना कोसळते.

मोजायचं काय? किती संच बसले, किती पैसे गेले, हे पहिल्या वर्षी कळतं. तिसऱ्या वर्षी यादीतून चिठ्ठ्या काढून शेतावर जावं: गाळणी साफ आहे का, नळ्यांत क्षार साचून पाणी अडतंय का, सुटे भाग किती लांब मिळतात, झाडं किती जगली. त्या फेरीसाठी लागणारी माणसं, त्यांचा प्रवास आणि मोजणीची साधनं यांची तरतूद पहिल्याच अर्थसंकल्पात करून ठेवावी, कारण तिसऱ्या वर्षी तोवर दुसरी योजना आलेली असते.